बाबांची फाईल

आमचे बाबा शिक्षक. १ जुलै १९९८ रोजी अकोल्यापासून वेगळा होऊन वाशीम जिल्हा झाला, त्याच्या पुढच्याच वर्षी ते मंगरूळपीर तालुक्यातील शाळेतून निवृत्त झाले. २००२ साली त्यांनी संगणक घेतला तेव्हा साऱ्या वस्तीला नवल वाटले. भारनियमनाच्या वेळा सांभाळून, पहाटे उठून, दोन बोटांनी ते आपल्या आठवणी टंकित करीत. २००८ साली ते गेले. त्यांच्या सीडी आम्ही कपाटात जपून ठेवल्या आणि खरे सांगायचे तर विसरून गेलो.

गेल्या वर्षी काकांनी आठवण करून दिली. बाबांना पुढे शिकता यावे म्हणून सातवीतच शाळा सोडून नांगर धरणारे हे धाकटे बंधू. पुढे शेताच्या धुऱ्यावरून दोघा भावांत वाद झाला आणि अखेरची काही वर्षे बोलणेही राहिले नव्हते. एक्क्याऐंशी वर्षांचे काका आम्हांस म्हणाले, “दादानं माह्याबद्दल काही लिहून ठेवलं हाये म्हणतात. एकदा आयकाचं होतं.”

आम्ही सीडी काढली. सुदैवाने ती वाचली गेली, परंतु फाईल उघडेना. आतला मजकूर कसाबसा बाहेर काढला, तर पडद्यावर इंग्रजी अक्षरे आणि चिन्हे यांची निरर्थक रांग! त्याचे कारण आम्हांस नंतर कळले. युनिकोडमध्ये देवनागरीला १९९१ पासून स्वतंत्र स्थान आहे, आणि विंडोज २००० पासून ती विंडोजमध्येही आली. तथापि बाबा वापरीत ते पेजमेकर ६.५ युनिकोड जाणत नव्हते. त्या काळचे मराठी फाँट इंग्रजी अक्षरांच्याच जागी देवनागरीची वळणे बसवीत, आणि प्रत्येक फाँटची मांडणी निराळी. तो फाँट नसला की मराठी दिसतच नाही.

बाबांचे सॉफ्टवेअर नव्या संगणकावर बसेना. विंडोज ११ केवळ ६४ बिटांची. १६ बिटांचे कार्यक्रम चालविण्याची सोय तीत नाही, आणि जुन्या पुष्कळ सॉफ्टवेअरचा बसविणारा भाग १६ बिटांचाच असे.

वाशीमच्या एका डीटीपी केंद्रात आम्ही चौकशी केली. तेथे दोन संगणक शेजारी शेजारी मांडलेले. नव्यावर ऑनलाइन अर्ज भरले जात होते आणि जुन्यावर, विंडोज एक्सपीत, लग्नपत्रिका तयार होत होत्या. चालक म्हणाले, “जुन्याला इंटरनेट देत नाही. त्याची सुरक्षा-दुरुस्ती ८ एप्रिल २०१४ लाच थांबली.” मग त्यांनी सुचविले, की आता दुसऱ्या यंत्राचीही गरज नाही; एका संगणकाच्या पोटात दुसरा चालविता येतो.

आमच्या भाच्याने ते काम अंगावर घेतले. व्हर्च्युअलबॉक्स नावाचे विनामूल्य सॉफ्टवेअर नव्या संगणकातील थोडी स्मृती आणि थोडी जागा वेगळी काढून तेथे एक आभासी संगणक उभा करते. बाबांच्याच तबकडीवरून त्याने त्यात एक्सपी बसविली, मग पेजमेकर, मग फाँट. इंटरनेटची जोडणी मात्र बंद ठेवली. एका चौकटीत जुने, शेजारच्या चौकटीत नवे. एकाचा दुसऱ्याला अडथळा नाही. फाईल उघडली. तोच दुहेरी किनारीचा मथळा, तोच समास. आई कितीतरी वेळ नुसती पाहत उभी होती.

मजकूर युनिकोडमध्ये आणण्यासाठी भाच्याने परिवर्तक चालविला. त्यात चुका राहिल्या. जुन्या फाँटमध्ये ऱ्हस्व वेलांटी अक्षराच्या आधी टंकित करीत, युनिकोडमध्ये ती अक्षरानंतर साठवली जाते; रफाराचेही असेच उलटसुलट होते. काकांविषयीच्या परिच्छेदात एक वाक्य आले : “धाकट्याचे ण माझ्याकडून फिटले नाही.” आम्ही शेजारच्या चौकटीत पाहिले. तेथे स्पष्ट होते : “धाकट्याचे ऋण.” परिवर्तकाला तो ऋ ओळखता आला नव्हता. जुने आम्ही पुसून टाकले असते, तर नेमका तोच शब्द आम्हांस अंदाजाने भरावा लागला असता.

रविवारी आम्ही अंगणात बसून काकांना वाचून दाखविले. धुऱ्याचा उल्लेखही त्यात होता : चूक आपली होती, असे बाबांनी लिहिले होते. काका काही बोलले नाहीत. थोड्या वेळाने म्हणाले, “थे ऋणाचं पुन्हा वाच.” आम्ही पुन्हा वाचले. मग म्हणाले, “मोठ्या अक्षरात छापून दे मले.”

अजून अकरा फायली उरल्या आहेत. एकेक युनिकोडमध्ये आणून, जुन्याशी ताडून, दोन ठिकाणी ठेवीत आहोत. आभासी संगणकाचीही प्रत काढली आहे. वाचकहो, आपल्या घरी वडीलधाऱ्यांच्या अशा सीडी असतील तर त्या आजच काढून पाहा. तबकडी कायमची टिकत नाही, आणि ऐकणारी माणसेही वाट पाहत असतात. आम्ही मात्र हे सतरा वर्षे उशिरा केले.