गुरगुर म्हणजे तक्रार

आमच्या सोसायटीतल्या एका ताईंचा लॅब्रॅडॉर दोन वर्षं डे-केअरमध्ये मजेत जात होता. अचानक तो तिथल्या कुत्र्यांवर गुरगुरू लागला, डोक्याला हात लावला की दात दाखवू लागला. "चावरा झालाय, उद्यापासून आणू नका," असं ताईंना सांगण्यात आलं. डॉक्टरांनी तपासलं तेव्हा त्याचा कान आतून सुजलेला निघाला.

माणसाळलेला कुत्रा एकाएकी बदलतो, त्यामागे बहुधा काहीतरी असतं. कान, दात किंवा सांधे दुखत असतात, नजर अधू झालेली असते, दुसऱ्या कुत्र्याची धास्ती बसलेली असते, नाहीतर दिवसभराच्या गोंगाटात झोपच मिळत नाही. आपल्याकडे रेबीजचाही विचार करावा लागतो. म्हणून लस चुकवू नये आणि आधी डॉक्टरकडे न्यावं. गुरगुरला म्हणून मारू नये. गुरगुर हा इशारा असतो. तो दाबला, तर पुढच्या वेळी कुत्रा इशारा न देताच चावतो.

कुत्र्याचा विषय निघाला की आपल्याकडची चर्चा पाक-नापाकवरच अडते. पण सुनन अबू दाऊदमध्ये एका उंटाची हदीस आहे. एका अन्सारीच्या बागेत पैगंबर साहेबांना (स.) पाहून उंट रडू लागला. त्यांनी त्याच्या कानामागून हात फिरवला, तो शांत झाला. मग मालकाला बोलावून विचारलं, या जनावराबाबत तुला अल्लाहची भीती वाटत नाही का? उपाशी ठेवून राबवतोस, अशी त्याची तक्रार आहे.

उंटाला कुणी बिघडलेला म्हटलं नाही. जाब मालकाला विचारला गेला.