चिखल, जीप आणि दोन चाकांचा वाटा

ट्रॅक्टर चालवणाऱ्याला डिफरन्शियल लॉक म्हणजे काय ते समजावून सांगावे लागत नाही. एक चाक चिखलात गरगर फिरू लागले आणि दुसरे जागचे हलेना, की तो टाचेजवळचे पेडल दाबतो. दोन्ही चाके एकत्र फिरतात, ट्रॅक्टर बाहेर येतो आणि वळण घेण्याआधी तो पाय उचलतो. आमच्या जुन्या जीपला असे पेडल नव्हते. नांदगाव पेठच्या काळ्या मातीत त्याची किंमत आम्ही अनेक पावसाळे मोजत होतो.

आमचे घर वावरात आहे. महामार्गापर्यंत दीड किलोमीटर पांदण रस्ता. महामार्ग असा की विचारू नका. याच रस्त्यावर अमरावती-अकोल्याच्या दरम्यान जून २०२२ मध्ये ७५ किलोमीटर डांबरीकरण १०५ तास ३३ मिनिटांत झाले आणि गिनीज बुकात नोंदले गेले. आमच्या दीड किलोमीटरला मात्र मृग लागला की गाडी नेण्याचीही सोय उरत नाही. एरवी आम्ही हसून घेतले असते. पण अम्मींचे डायलिसिस सुरू झाले आणि आठवड्यातून दोनदा अमरावतीला वेळेवर पोहोचणे भाग पडले. ती वारी चुकवून चालत नाही. आम्हा दोघा भावांपैकी एक एमआयडीसीत पाळीवर, दुसरा शेतात. म्हणून बहुतेक वेळा धाकटी भावजयच अम्मींना जीपमधून नेते. ही गोष्ट पुढच्या निवडीत सगळ्यांत महत्त्वाची ठरली.

परदेशात हौशी लोक सुट्या भागांचा संच आणून घरी गाडी जोडतात, तिला किट कार म्हणतात. आपल्याकडे अशी गाडी नोंदवून रस्त्यावर आणणे फार अवघड आहे. पण गंमत अशी की जीप आपल्या देशात आली तीच सुट्या भागांतून. १९४५ मध्ये महिंद्रा बंधू आणि मलिक गुलाम मुहम्मद यांनी मिळून ‘महिंद्रा अँड मोहम्मद’ ही कंपनी काढली. फाळणीनंतर गुलाम मुहम्मद पाकिस्तानात गेले, तिथले पहिले अर्थमंत्री आणि पुढे गव्हर्नर जनरल झाले. इकडे १९४८ मध्ये कंपनीचे नाव ‘महिंद्रा अँड महिंद्रा’ झाले. त्याच सुमारास अमेरिकेतल्या विलीज जीपचे भाग आणून मुंबईत माझगावला त्या जोडायला सुरुवात झाली. म्हणूनच असेल, जुनी जीप खोलून पुन्हा जोडणे मिस्त्री लोकांना कधी परके वाटले नाही. आमचीही अब्बांनी घेतली तेव्हापासून तीनदा खोलली गेली आहे. इंजिन, चेसिस आणि बॉडी मात्र नोंदणी पुस्तकात आहे तशीच ठेवली. मोटार वाहन कायद्याचे कलम ५२ आणि २०१९ चा सर्वोच्च न्यायालयाचा निकाल या बाबतीत कडक आहेत. हौसेपायी कोणी मूळ रचनेला हात लावू नये.

आता मुद्द्याचे. साधे डिफरन्शियल दोन्ही चाकांना नेहमी सारखाच जोर देते. वळणावर बाहेरच्या चाकाला जास्त अंतर कापायचे असते, ते त्याला कापू देते. त्यासाठीच ते बनले आहे. पण समजा, चिखलातले चाक फक्त दोनशे मापे जोर पेलू शकते. मग कडक जमिनीवरच्या चाकालाही दोनशेच मिळतात, एकूण चारशे. गाडी हलायला सहाशे लागत असतील तर इंजिन कितीही ओरडो, गाडी जागेवरच. लिमिटेड स्लिपमध्ये दोन्ही बाजूंना क्लचसारख्या प्लेटांचा थर असतो. एक चाक पळू लागले की प्लेटा त्याला आवरतात आणि दुसऱ्याकडे जास्त जोर जातो. हे प्रमाण अडीच पट असेल तर दुसऱ्या चाकाला पाचशे मिळतात, एकूण सातशे. गाडी निघाली.

धाकट्याला हवा होता आपोआप पूर्ण लॉक होणारा. स्वस्त, बसवायला सोपा, चिखलात त्याला तोड नाही. मिस्त्री चाचांनी एकच प्रश्न विचारला, “बेटा, चालवणार कोण?” पूर्ण लॉक डांबरी रस्त्यावर खटखट करतो, वळणावर स्टेअरिंग ओढतो, आणि ओल्या रस्त्यावर आखूड जीपचे मागचे अंग फेकू शकतो. पाठीमागे आजारी सासू बसलेली आणि पुढे महामार्गावरचे ट्रक, अशा वेळी हे नको. २०२० च्या थारमध्ये वेगळी युक्ती आहे. दोन चाकांच्या वेगात बराच फरक पडला तरच यंत्र स्वतः लॉक लावते, आणि वेग वाढला की सोडून देते. ती आम्हाला पसंत होती, पण आमच्या अॅक्सलला बसेल असा भाग मिळाला नाही. तिसरा प्रकार नुसत्या दात्यांवर चालणारा, टॉर्सन. फार गुळगुळीत चालतो, प्लेटा झिजण्याची भीती नाही. पण एक चाक खड्ड्यावर अधांतरी राहिले की तो हात टेकतो, कारण शून्याची तिप्पट शून्यच. आमच्या पांदणीत बैलगाड्यांच्या चाकोऱ्या इतक्या खोल की एक चाक हमखास अधांतरी राहते. म्हणून प्लेटांचा, आधीपासून थोडा दाब असलेला लिमिटेड स्लिप ठरला.

नवा परवडेना. हप्त्यावर घ्यावा तर व्याज, आणि अब्बांनी व्याजाचा पैसा घरात कधी येऊ दिला नाही. एका भंगारवाल्याकडे अगदी पडत्या भावात एक होता. बिल नाही, आणि नंबर होता तिथे ग्राइंडर फिरवलेला. धाकट्याचे म्हणणे, कोणाचा असेल ते आपल्याला काय ठाऊक. अब्बा म्हणाले, “नंबर घासला आहे म्हणजे ठाऊक आहे.” बोलणे तिथेच संपले. दोन महिने थांबलो, मृग बहाराचा संत्रा विकला आणि एका मोडीत निघालेल्या जीपमधला, मालकाच्या सही-पावतीसह घेतला. घेण्यापूर्वी आमच्या अॅक्सल शाफ्टच्या टोकाच्या खाचा मोजून नेल्या होत्या. ही मोजणी फार महत्त्वाची. बाहेरून सारखे दिसणारे दोन शाफ्ट खाचांच्या संख्येत वेगळे निघतात, आणि मग घेतलेला माल नुसता शोभेचा.

बसवायला पूर्ण दोन दिवस गेले. बेअरिंगच्या टोप्या काढण्याआधी चाचांनी डाव्या-उजव्या खुणा ठोकल्या. त्यांची अदलाबदल चालत नाही. प्लेटा नव्या तेलात भिजवून बसवल्या. खरा वेळ गेला तो क्राउन आणि पिनियनचे दात जुळवण्यात. दात्यांना निळा रंग लावायचा, फिरवायचे, डाग कुठे उमटतो ते पाहायचे, शिम काढायची किंवा घालायची, पुन्हा फिरवायचे. दोन दात्यांतली मोकळीक डायल गेजवर सात हजारांश इंच आली, तेव्हा चाचांनी अल्हम्दुलिल्लाह म्हणून चहा मागवला. मधल्या वेळेत जुम्याची नमाजही झाली.

भावजयीला तीन गोष्टी सांगितल्या. मागचे दोन्ही टायर एकाच मापाचे आणि सारखे झिजलेले हवेत, नाहीतर प्लेटा सरळ रस्त्यावरही घासत राहतात. एक चाक जॅकवर असताना गाडी कधीही गिअरमध्ये टाकायची नाही. जमिनीवरचे चाक गाडीला जॅकवरून ढकलून देते. आणि दोन्ही चाके एकदम घसरली तर गाडी सरळ न जाता उताराकडे सरकते, तेव्हा पाय हळूच उचलायचा. ती म्हणाली, “तिसरी गोष्ट आधी सांगायची होती.” यंत्र पकड निर्माण करत नाही, असलेली पकड वापरते. आमची माती तर टायरच्या खाचा भरून त्यांची भाकरी करून टाकते. म्हणून खोल खाचांचे टायरही घेतले, आणि पांदणीच्या तोंडाशी हवा भरायचा पंप ठेवला.

जुलैच्या दुसऱ्या आठवड्यात झड लागली. चार दिवस सूर्य दिसला नाही. मंगळवारी पहाटे फजरनंतर भावजय आणि अम्मी निघाल्या. नाल्याजवळच्या चाकोरीत जीप एकदा थांबली, मागचे उजवे चाक थोडे फिरले, मग दोन्ही चाकांनी एकदम माती फेकली आणि गाडी वर चढली. अम्मींनी तस्बीह बाजूला ठेवून विचारले म्हणे, “झालं का ते तुमचं?” त्या दिवशी त्या वेळेआधी वीस मिनिटे पोहोचल्या.

आठशे किलोमीटरनंतर तेल बदलले. वळताना मागून घरघर येत होती. प्लेटांसाठीचे खास मिश्रण तेलात थोडे वाढवल्यावर ती थांबली. जुन्या तेलात बारीक चमक होती. चाचांनी ती बोटावर चोळून पाहिली आणि म्हणाले, प्लेटा बसताहेत, पुढचे तेल संत्र्याच्या तोडणीआधी बदला.