फॅनी ईटनचे अभ्यासचित्र

जोआना बॉइस वेल्स या इंग्लिश चित्रकर्तीने १८६१ साली तैलरंगात केलेले फॅनी ईटन हिचे अभ्यासचित्र जेमतेम १७ सेंटिमीटर उंच आणि १४ सेंटिमीटर रुंद आहे. ते कागदावर रंगवलेले असून कागद लिननवर चिकटवलेला आहे. अमेरिकेतील न्यू हेवन येथे, येल सेंटर फॉर ब्रिटिश आर्टच्या संग्रहात ते आहे. तिथेच मी ते पाहिले.

चेहरा एका बाजूने दिसतो. केस मागे बांधलेले, कानात डूल, आणि नजर चित्राबाहेर कुठेतरी. जवळ गेल्याशिवाय यातले काहीच हाती लागत नाही. गेल्यावर लक्षात येते की त्वचेला सरसकट तपकिरी हात मारून काम उरकलेले नाही. कपाळ, गाल, मान यांवर प्रकाश जसा पडला तसा रंग बदलत गेला आहे. वेल्सने १८५५ मध्ये पॅरिसला तोमा कुत्यूर याच्याकडे शिक्षण घेतले होते. त्याच वर्षी रॉयल अकॅडमीत लागलेल्या तिच्या ‘एल्गिव्हा’ या चित्राची कलासमीक्षक रस्किनने मनापासून स्तुती केली होती. ती का, हे या लहानशा कागदावरूनही उमगते.

ईटन १८३५ मध्ये जमैकात जन्मली. ब्रिटिश वसाहतींतील गुलामगिरी बंद करणारा कायदा आदल्याच वर्षी अमलात आला होता. आईबरोबर ती इंग्लंडला आली, घरकाम करू लागली, एका घोडागाडीवाल्याशी तिने संसार मांडला. मुले पुष्कळ, मिळकत बेताची; मॉडेल म्हणून बसण्याचे पैसे त्या घराला हवेच होते. चित्रकार तिला बहुधा कथेतले पात्र म्हणून बसवत. सिमियन सॉलोमनच्या १८६० च्या चित्रात ती मोझेसची आई आहे. रोझेटीच्या ‘द बिलव्हेड’मध्ये नववधूमागच्या गर्दीत तिचा चेहरा अर्धवट झाकला गेला आहे.

वेल्सलाही तिला सिबिल, म्हणजे प्राचीन काळची भविष्यवादिनी, म्हणूनच रंगवायचे होते. पण या कागदावर सिबिल अजून उतरलेली नाही. इथे आहे ती समोर बसलेली पंचविशीची बाई, आणि तिच्याकडे मन लावून पाहणारी जवळपास तिच्याच वयाची दुसरी बाई. माझ्या लेखी या चित्राचे मोल इथेच आहे: सॉलोमनला आणि रोझेटीला ईटनचा उपयोग होता, वेल्सने इथे तिलाच विषय केले.

सिबिलचे ते मोठे चित्र झालेच नाही. तिसऱ्या बाळंतपणानंतर जुलै १८६१ मध्ये वेल्स वारली, तेव्हा ती २९ वर्षांची होती. दुसऱ्या महायुद्धातील बॉम्बहल्ल्यांत तिची बरीच चित्रे नष्ट झाली, त्यामुळे उरलेल्या थोड्या कामांत या कागदाला मोठे स्थान आहे. ईटनने पुढे शिवणकाम आणि स्वयंपाकाची नोकरी करून दिवस काढले. १९२४ मध्ये लंडनला तिचे निधन झाले.