भिंती उभ्या राहण्याआधी

पुणे, ४ ऑक्टोबर

चि. मुक्तास,


सईच्या वाढदिवसासाठी बाहुलीघराचा लाकडी संच मागवलास हे वाचून फार बरं वाटलं. पुढची ओळ मात्र खटकली. ती झोपल्यावर तू आणि निखिल रात्री जागून घर जोडणार, रंगवणार आणि वाढदिवसाच्या सकाळी तयार घर तिच्यापुढे ठेवणार, असं लिहिलं आहेस. मुक्ता, असं करू नकोस. खोकं बंदच राहू दे. तिला स्वतः उघडू दे आणि घर तिला बरोबर घेऊन बांधा. वाढदिवसाला नुसत्या फळ्या दिसल्या तरी चालतील. नाताळ उजाडला तरी चालेल.

तयार, नटवलेलं बाहुलीघर ही मुळात मुलांची वस्तूच नव्हती. युरोपात ती श्रीमंतांच्या घरची शोभेची कपाटं होती. अ‍ॅमस्टरडॅमच्या पेट्रोनेला ऊर्टमन या बाईंनी सतराव्या शतकाच्या अखेरीस करवून घेतलेलं असं एक कपाट तिथल्या राइक्सम्युझियममध्ये आहे. बाहेरून कासवाच्या पाठीचं जडावकाम, आत चीनहून मागवलेली इवलीशी चिनी मातीची भांडी. तेवढ्या पैशात कालव्याकाठी खरं घर आलं असतं म्हणतात. तुम्हाला तिकडे इंग्लंडात जवळचं उदाहरण विंडसरच्या किल्ल्यात आहे, राणी मेरीचं बाहुलीघर. दिल्लीत व्हाइसरॉयचा प्रासाद उभा करणाऱ्या लट्यन्सनेच त्याच काळात, १९२१ ते १९२४ मध्ये, त्याचा आराखडा करून ते बांधून घेतलं. त्यात विजेचे दिवे लागतात, नळाला पाणी येतं, लिफ्ट चालते. ग्रंथालयासाठी कॉनन डॉयलने शेरलॉक होम्सची एक चिमुकली गोष्ट खास लिहून दिली. सईला एकदा नक्की दाखव, कारागिरी म्हणून ते थक्क करणारं आहे. पण काचेपलीकडून बघायचं ते घर. त्यात मुलाचा हात कधी जायचाच नव्हता.

तुझ्या खोक्यातल्या कोऱ्या प्लायच्या फळ्यांचं मोल मला वाटतं ते इथेच. हात लावल्याशिवाय त्यांचं घर होतच नाही. आपल्याकडे भातुकली होती. चूल, पोळपाट-लाटणं, जातं, बंब, सगळं होतं, फक्त घर नव्हतं. ते मुलींनीच उभं करायचं, जिन्याखाली, नाहीतर दोन खुर्च्यांवर आईचं जुनं लुगडं टाकून. भिंत कुठे, दार कुठे, हे ठरवण्यातच अर्धी दुपार जायची आणि तोच खरा खेळ असायचा. तयार घर हातात आलं की तो भाग मुलाच्या वाट्याला येत नाही.

आता कामाचं. संच आला की लगेच फेविकॉल उघडू नका. लेझरने कापलेल्या तुकड्यांच्या कडा करपून तपकिरी झालेल्या असतात. बोट फिरवलंत तर काजळी लागते आणि तीच पुढे फिकट रंगात उतरते. बारीक पॉलिश पेपरने कडा हलक्या घासा, ओल्या फडक्याने पुसा. हे काम अंगणात करा आणि तोंडाला मास्क लावा. तुकडे एमडीएफचे असतील तर जास्तच जपा, कारण त्याची भुकटी फार बारीक असते आणि मुलांच्या छातीला बरी नाही. पत्र्यातून गोळ्या काढाव्यात तसे हे तुकडे फळीतून सुटतात आणि बहुतेक संचांत त्यांचे आकडे फळीवरच राहून जातात. म्हणून प्रत्येक तुकडा काढल्याबरोबर, जी बाजू पुढे झाकली जाणार आहे तिच्यावर पेन्सिलीने आकडा घालायचा. हे काम सईला दे. शाळेत आकडे गिरवणाऱ्या मुलीला इतकं जबाबदारीचं काम दुसरं मिळणार नाही.

मग सगळं घर एकदा विनागोंद उभं करा, कागदी चिकटपट्टी लावून. कुठली खाच घट्ट आहे, जिना कुठून वर जातो, कुठल्या कोपऱ्यात तुमचा हात शिरत नाही आणि सईचा शिरतो, हे तेव्हा कळतं. घर असं उभं असतानाच रंग ठरवा. स्वयंपाकघर कुठलं आणि तिथे कोणता रंग, हे तिलाच ठरवू दे. तिने जांभळं म्हटलं तर जांभळं. मग घर पुन्हा मोडा आणि सगळा आतला रंग भिंती आडव्या असतानाच द्या. साऱ्या कामातलं मला सर्वांत मोलाचं वाटणारं हेच आहे. घर उभं राहिल्यावर जिन्यामागची भिंत, माळ्याचा उतार, खिडकीची आतली चौकट इथे ब्रश पोचत नाही. दिवे लावायचे असतील तर त्यांच्या बारीक तारांची वाटही याच वेळी ठरते. आपल्या खऱ्या घरात आधी भिंती येतात आणि मग माणसं आत राहून हळूहळू ती सजवतात. इथे उलट आहे. आत कोण राहणार, कुठे झोपणार, दिव्याखाली बसून काय वाचणार, याचा विचार भिंत उभी राहण्याआधी करावा लागतो. सहा-सात वर्षांच्या मुलीला हा विचार करायला लावणारा दुसरा खेळ मला माहीत नाही. तुम्ही रात्री जागून हे आटोपलंत तर नेमका तोच तिच्या हातून जाईल.

रंगवताना खाचा आणि त्यांत बसणारे दात कोरे ठेवा, त्यांवर चिकटपट्टी लावा. रंगाचा थर चढला की दात जाडावतो, खाचेत जात नाही, आणि रंगावर फेविकॉल लाकडासारखा धरतही नाही. पाण्यात मिसळणारे अ‍ॅक्रिलिक रंगच वापरा, वास नाही आणि हात धुतले की झालं. पहिला हात दिला की लाकडाच्या बारीक रेषा उभ्या राहतात, पृष्ठभाग खरखरीत लागतो. घाबरू नका. वाळू द्या, हलका पॉलिश पेपर मारा, मग दुसरा हात. पातळ प्लाय एकाच बाजूने रंगवला तर बाक घेतो, तेव्हा मागूनही एक हात द्याच.

खोक्यावर प्रमाण बघून घे. बहुधा १:१२ असेल, म्हणजे आपल्या फुटाचा तिथे इंच. सात फुटी दार सात इंचांचं. भिंती, दारं, खाटा मुकाट्याने लहान होतात, रंग मात्र होत नाही. अर्धा मिलिमीटर जाड रंग म्हणजे त्या घराच्या हिशेबात सहा मिलिमीटरचा गिलावा, त्यात खिडकीची नक्षी बुजून जाते. म्हणून रंग नेहमी पातळ, दोन-तीन हातांत. भातुकलीची भांडी पाठवशील का, असं विचारलं होतंस. ती तिथे बसणार नाहीत. दोन इंची पातेलं त्या स्वयंपाकघरात दोन फुटांचं होईल, तेवढ्यात लग्नाचा भात शिजतो. सावंतवाडीच्या चितार आळीतली लाकडी फळंही त्या मापाला मोठीच पडतील. ती तिला वेगळी देईन, ती आपल्या जागी सुंदरच आहेत.

जोडताना काटकोन सांभाळा. आपल्या वाड्यातले सुतारकाका गुण्या लावल्याशिवाय एक खिळा ठोकत नसत. पहिल्या दोन भिंतींत केसाचा फरक राहिला की वरच्या मजल्यावर तो बोटभर होतो आणि छप्पर बसेनासं होतं. निखिलकडे गुण्या नसेल तर पुठ्ठ्याच्या पुस्तकाचा कोपरा चालेल. गोंद थोडाच लावा, ओघळ लगेच ओल्या फडक्याने पुसा, रबर बँड आणि चिकटपट्टीने आवळून रात्रभर तसंच राहू द्या. काका सांगायचे की पूर्वी सरस शिजवून गरमगरम लावावा लागे, लावेपर्यंत हात थांबू द्यायचा नाही. आता तशी घाई नाही, मग वाळेपर्यंत थांबायला काय हरकत आहे? ‘अजून हात लावायचा नाही’ हे सईला एकदाच नीट सांग. मुलं थांबतात. आपणच जास्त उतावीळ असतो.

छपराची लाकडी कौलं सुटी असतील तर पागोळीच्या कडेपासून वर चढत जा, कोकणातल्या घरावर शाकारतात तसंच. पण तिथे पाण्याचा गोंद नको. पातळ छपराला ओल लागली की ते वाकतं. ते काम चामड्याला लावतात त्या रबरी गोंदाने निखिलने खिडकी उघडून करावं, सईला लांब ठेवून. संपूर्ण कामात तिला बाजूला बसवायची वेळ फक्त ही.

एवढं करूनही घर सरळ होईलच असं नाही. तिच्या खोलीतला रंग चौकटीबाहेर जाईल, एखादं कौल तिरकं बसेल. ते नीट करायला तू रात्री उठू नकोस, एवढं मात्र माझं ऐक. सकाळी तिला ते लगेच कळतं आणि मग ते घर तिचं राहत नाही.

पडदे मी शिवून पाठवते. जाड कापड तिथे पोत्यासारखं उभं राहतं, म्हणून खण किंवा हातमाग उपयोगाचा नाही. माझ्याकडे जुन्या धोतराची धुऊन धुऊन मऊ झालेली मलमल आहे, ती छान पडेल. खिडक्यांची मापं इंचांत कळव, वरची आणि खालची वेगवेगळी. रंग कुठला हवा ते सईलाच विचार आणि तिने सांगितलेलाच लिही.

निखिलला आशीर्वाद, सईला गोड पापा.

तुझी,
माई आत्या