साक्ष झाली, आता जा!

बंगळूरमध्ये विधान सौधासमोर कर्नाटक उच्च न्यायालयाची लाल इमारत उभी आहे. लोक तिला ‘अठरा कचेरी’ म्हणतात. याच न्यायालयाने २२ ऑगस्ट २००६ रोजी हसीना हुसेन या तरुणीच्या खटल्याचा निकाल दिला. एप्रिल १९९९मध्ये तिच्या माजी मालकाने तिच्यावर ॲसिड ओतले होते. त्याच्याकडे पुन्हा नोकरी करायला तिने नकार दिला, एवढाच तिचा अपराध! चेहरा विद्रूप झाला, दृष्टी कायमची गेली.

खालच्या कोर्टाने आरोपीला पाच वर्षांहून थोडी अधिक कैद आणि तीन लाख रुपये दंड ठोठावला. जन्मभराच्या अंधारापुढे पाच वर्षे म्हणजे काय? पण वरच्या कोर्टात दाद कोण मागणार? फौजदारी खटला म्हणजे सरकार विरुद्ध आरोपी. जिने सोसले, ती नुसती साक्षीदार! साक्ष झाली की तिचे काम संपले. सरकारने अपील केले, म्हणून खुनाचा प्रयत्न सिद्ध होऊन जन्मठेप झाली आणि आणखी दोन लाख रुपये भरपाई देण्याचा हुकूम निघाला. सरकार गप्प बसले असते तर?

३१ डिसेंबर २००९पासून चित्र पालटले. आरोपी निर्दोष सुटला, कमी गंभीर गुन्ह्यातच दोषी ठरला किंवा भरपाई अपुरी मिळाली, तर पीडित व्यक्ती स्वतः अपील करू शकते. सुटकेविरुद्धच्या अशा अपिलासाठी आधी कोर्टाची खास परवानगी नको, असे सुप्रीम कोर्टाने २०१८मध्ये कर्नाटकातल्याच मल्लिकार्जुन कोडगली खटल्यात स्पष्ट केले.

१ जुलै २०२४पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेतही हा हक्क कायम आहे. शिवाय, तपास कुठवर आला हे पोलिसांनी ९० दिवसांच्या आत कळवायचे असते. कोर्टाच्या परवानगीने सरकारी वकिलाच्या मदतीला आपला वकील देता येतो. पीडिताचे म्हणणे ऐकल्याशिवाय सरकारला खटला मागे घेता येत नाही. ॲसिडहल्ल्यातील जखमीवर खासगी रुग्णालयानेही ताबडतोब मोफत उपचार करायलाच हवेत. आरोपी सापडला नाही, तरी जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे भरपाईचा अर्ज करता येतो.

देव न करो, पण घरातल्या कुणावर असा प्रसंग आलाच, तर डोळे पुसता पुसता एफआयआरची मोफत प्रत मागून घ्या, ती जपून ठेवा आणि प्राधिकरणाची पायरी चढा. हक्क कायद्यात लिहिलेला असला, तरी मागितल्याशिवाय तो घरी चालत येत नाही.