ताईची सही



बाबांचं कद्दीश संपलं, आणि त्याच आठवड्यात ठाण्याहून दादाचं कुरिअर आलं. आत हक्कसोडपत्राचा मसुदा. अलिबागजवळची आमची बावीस गुंठ्यांची वाडी आणि तिच्यातलं कौलारू घर तिघा भावांच्या नावावर व्हावं, ताईने हक्क सोडावा. माझं काम एवढंच, की अश्दोदहून दिमोनाला जायचं, मसुद्यावर तिची सही घ्यायची आणि मग तेल अवीवच्या वकिलातीत तिचं मुखत्यारपत्र करून द्यायचं.

शुक्रवारी दुपारी पोचलो. ताई नारळाचा रस काढत बसली होती, मासळीच्या कालवणासाठी. काळ्या मनुका किद्दुशच्या शरबतासाठी भिजत होत्या. मी पाकीट पुढे केलं. तिने हात पुसले, पहिलं पान वाचलं आणि पाकीट फ्रिजवर ठेवलं. "शब्बाथ निघू दे," म्हणाली.

तो पूर्ण दिवस पाकीट फ्रिजवर होतं. आम्ही जेवलो, झोपलो, जुन्या गोष्टी काढल्या, आणि दोघांचीही नजर मधूनमधून वर जात होती.

हवदाला झाल्यावर मीच विषय काढला. आता लिहायला लाज वाटते, पण मी तिला तोराह सांगितली. सलाफहादाच्या मुलींना वाटा मिळाला, कारण त्यांना भाऊ नव्हता. तुला तीन आहेत.

ताई म्हणाली, "बरं. मग तोराहप्रमाणे थोरल्याला दुप्पट. दादाला दोन वाटे, तुम्हा दोघांना एकेक. तसं लिहिलंय का यात?"

तसं लिहिलेलं नव्हतं. तिघा भावांना सारखं होतं. धर्म फक्त तिच्या वाट्यापुरता आठवला होता.

खरं तर आपल्या लोकांना भारतात लागू होतो तो 1925चा भारतीय उत्तराधिकार कायदा. बाबांनी मृत्युपत्र केलेलं नव्हतं, आई आधीच गेलेली. अशा वेळी त्यात मुलगा-मुलगी हा फरकच नाही. चार मुलं, चार सारखे वाटे. इथे इस्राएलमध्ये कोणाचा फ्लॅट वाटायचा असतो तेव्हा आपण निमूट सारखा वाटतो; इथला 1965चा वारसा कायदाही तेच सांगतो. गावच्या जमिनीपाशी आलो की मात्र बहिणीने 'मोठ्या मनाने' सही करायची असते. हे मोठं मन भावांकडून कधी मागितल्याचं मी ऐकलेलं नाही.

"तुला पैसे हवेत का?" मी विचारलं.

"पैसे काय करायचेत? किहीमचे केहिमकर झाले, पेणचे पेणकर, रोह्याचे रोहेकर. तसं आपलंही गावावरून आलेलं आडनाव. तुम्हा तिघांना ते आहेच. माझं लग्नात गेलं, तेव्हा मला कोणी विचारलं नाही. आता सातबारावर तरी राहू दे."

रात्रीच दादाला फोन लावला. तो भडकला, आणि त्याचं सगळंच चूक नव्हतं. आम्ही तिघं इकडे निघून आलो. बाबांचं दुखणं त्याने काढलं, दर पावसाळ्याआधी कौलं शाकारली, नारळ उतरवायला माणूस शोधला, घरपट्टी भरली. "नाव लावायला सगळे, झाडांना पाणी घालायला मी," असं तो म्हणाला. धाकटा भाऊ लोदहून फोनवर होता, तो नेहमीप्रमाणे गप्प.

ताईने फोन माझ्या हातातून घेतला. "दादा, नारळ-सुपारी सगळी तुझी. केलेला खर्च लिहून ठेव. कधी विकलीच, तर आधी तो तू काढून घे. पण माझं नाव काढू नकोस."

दोन महिने दादा तिच्याशी बोलला नाही. मग एके दिवशी चौघांच्या ग्रुपवर नव्या सातबाराचा फोटो आला. त्याखाली एक अक्षर नव्हतं. चार नावं होती. ताईने फोटो बोटांनी मोठा करून पाहिला. तिचं नाव शेवटी होतं, सासरच्या आडनावासकट.

मला वाटलं, आता रडेल. ती हसायलाच लागली. मग ग्रुपवर तिने लिहिलं, "दादा, आडनाव चुकलं."

बऱ्याच वेळाने उत्तर आलं, "सोमवारी जातो तलाठ्याकडे. तुझा जन्मदाखला पाठव."