एक नंबर वरचा

तर झालं असं, की मागच्या शनिवारी मांडवगण फराट्याला गेलो. निमित्त नानांची, म्हणजे आजोबांची, प्रीमियर पद्मिनी. ही गाडी बनायची बंद होऊन जमाना झाला. ऑक्टोबर २०२३ मध्ये मुंबईच्या टॅक्सींतूनही ती निवृत्त झाली. आमची मात्र घर ते उसाचं रान, रान ते भीमेचा काठ अशी रोज चालायची. हल्ली वाटेतच बंद पडू लागली आणि बाबांनी जाहीर केलं, "दसऱ्याला चालू झाली नाही तर भंगारात."

नाना फोनवर म्हणाले होते, "प्लग काळे पडतायत. कार्ब्युरेटर, चोक बघून झालं. एक नंबर वरचे आण." गाडीत बॉशचे ७ नंबरचे होते. मी एनजीकेचे ८ नंबरचे मागवले. आटे तेच, लांबी तीच. इंजिनिअर ना आपण!

बसवले. गाडी पाणंदीपर्यंत गेली आणि फटफट करून थांबली. नानांनी प्लग काढून माझ्या हातात ठेवला. "वाच."

कोरडी, काळीकुट्ट काजळी. आधीपेक्षा जास्त!

रात्री वाचत बसलो तेव्हा उजेड पडला. गरम प्लग म्हणजे जास्त गरम ठिणगी, हा माझा समज साफ चूक. प्रश्न उष्णता बाहेर जाण्याचा असतो. आतलं चिनीमातीचं नाक लांब असेल तर उष्णता सावकाश बाहेर पडते, टोक तापलेलं राहतं. हा गरम प्लग. टोक साधारण ४५०-५०० अंशांच्या वर गेलं की काजळी आपोआप जळते. ८०० च्या पुढे गेलं तर ठिणगीआधीच पेट्रोल पेटतं आणि पिस्टनची वाट लागते. आमची गाडी दोन किलोमीटर रमतगमत जाणारी. तिचं टोक तापणार कधी?

आणि खरी गंमत पुढे. बॉशमध्ये नंबर वाढला की प्लग गरम, एनजीकेमध्ये नंबर वाढला की थंड! बॉशचा ७ म्हणजे एनजीकेचा साधारण ६. म्हणजे मी एक पायरी गरम करायच्या ऐवजी दोन पायऱ्या थंड केलं होतं. एकाचं सॉर्टिंग चढतं, दुसऱ्याचं उतरतं, आणि मी डॉक्युमेंटेशन न वाचता कोड टाकलेला.

रविवारी दौंडहून बॉशचे ८ नंबरचे आणले. आठवडाभराने नानांचा फोन. "प्लग काढून बघितला. बिस्किटासारखा तांबूस आहे."

"म्हणजे गाडी राहिली?"

"राहिली. पण तिला पुण्याला न्यायची असली तर ७ चे परत घालायचे. तिथं ती पळणार, तापणार."

मी ते जुने चारही प्लग साफ करून डिकीत ठेवलेत. नाना ८३ वर्षांचे आहेत आणि त्यांना एकदा माझं ऑफिस बघायचंय.